तीन टक्के

वॉल्विस बेला पहाट होत नाही,
धुकं थोडं पांढरं होतं, इतकंच.
वाळवंट आणि समुद्र इथे एकमेकांना खेटून झोपतात
आणि मधल्या फटीत आमचं शीतगृह:
उणे पंचवीस, बांगड्याची खोकी, छतापर्यंत.

माझी फोर्कलिफ्ट सात नंबरची. कधीकाळी पिवळी होती म्हणतात.
आतून बाहेर आली की तिला दरदरून घाम फुटतो,
पुन्हा आत गेली की तोच घाम गोठतो,
आणि खारं धुकं वर्षभर तिचं लोखंड
फुटाण्यांसारखं खात बसतं,
एकेक दाणा, घाई नाही.

तुयेनी शिकोंगो पाचला येते.
कानामागे पेन्सिल, खिशात पुसायला नवऱ्याचा फाटका मोजा.
गाडीला हात लावण्याआधी ती खालची फरशी बघते.
रात्री काय गळलं ते फरशी सांगते म्हणे.
(माणसांचंही असंच असतं, मी एकदा म्हणालो.
ती म्हणाली, टॉर्च धर.)

मग वाकून काट्यांच्या टाचा.
चीर वजनाला सापडण्याआधी
उजेडाला सापडावी, एवढंच.
मग टायरात गुंतलेली बांधणीची पट्टी,
बॅटरीचं पाणी, ब्रेक, हॉर्न
(हॉर्नला धक्क्यावरचे फ्लेमिंगो रोज नव्याने दचकतात)
आणि शेवटी मास्टची साखळी,
जिच्या भरवशावर एक टन मासा
माझ्या डोळ्यांसमोर वर जातो.

त्या गुरुवारी दोन बोटी एकदम लागल्या होत्या.
बेउकेस साहेब मनगटावरचं घड्याळ
सगळ्यांच्या नाकासमोर नाचवत होते.
तुयेनीने साखळीला माप लावलं.
पुसलं. पुन्हा लावलं.
‘तीन टक्के ताणलीय,’ ती म्हणाली. ‘वर थोडं.’

‘तीन टक्के?’ साहेब हसले,
‘बाजारात एवढी सूटसुद्धा कोणी मागत नाही, बाई.’

ती वाद घालत बसली नाही.
स्टिअरिंगला लाल पाटी अडकवली
आणि चावी टाकली आपल्या डब्यात,
बाजरीच्या ओशिफिमाशेजारी,
झाकण लावलं.

मी दिवसभर हातगाडीने खोकी ओढली.
संध्याकाळी कंबर माझी राहिली नव्हती.
मनातल्या मनात मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला,
मग वाटलं, एवढा कडकपणा उगाच येत नाही,
त्या पिढ्यांपैकी कोणीतरी
अशाच एखाद्या ओझ्याखाली गेलं असणार.
विचारलं.
‘नाही रे, हाफेनी,’ ती म्हणाली,
‘बाप उतापीला शेळ्या राखतो, ठणठणीत आहे.
पुस्तकात तीन लिहिलंय, म्हणून तीन.’

शनिवारी विंडहुकहून नवी साखळी आली.
जुनी मी मागून घेतली, घरच्या फाटकाला.
रविवारी, बायको चर्चला गेल्यावर,
भिंग घेऊन एकेक कडी पाहिली,
चीर शोधत होतो. खरं सांगायचं तर
चीर सापडावी अशी इच्छा होती.
एकही नाही.

तुटली असती का?
त्या दिवशी, की पुढच्या पावसाळ्यात,
जो इथे येतच नाही?
नोंदवहीत झालेल्या गोष्टींसाठी रकाने आहेत:
तारीख, बिघाड, सुटा भाग, सही.
जे झालं नाही
त्याला रकाना नाही,
मग ते जातं कुठे, कोणाच्या घरी
संध्याकाळी वेळेवर जेवायला बसतं?

हल्ली मी पावणेपाचला येतो.
फाटकाची साखळी काढताना हाताला गंज लागतो.
आज सात नंबरखालची फरशी पाहिली, गुडघे टेकून.
कोरडी होती.
तसं लिहिलं, सही केली.

पाचला तुयेनी आली.
माझी सही वाचली, मान हलवली,
आणि फरशी पुन्हा बघितली.